खडूचा खर्च

गेल्या पालकसभेत एक गृहस्थ उभे राहिले आणि त्यांनी आम्हांला सरळच विचारले, "फादर, शाळेच्या फाटकावर 'अनुदानित' असे लिहिले आहे. म्हणजे सरकार पैसे देते. मग दर जून महिन्यात आमच्यापुढे हा देणगीचा कागद का येतो?" सभेत क्षणभर शांतता पसरली, मागच्या बाकांवर थोडी कुजबुजही झाली. आम्ही उत्तर दिले की, सरकार शिक्षकांचा पगार देते. खडू, वीज, पाणी, डागडुजी हे शाळेने पाहायचे असते, आणि देणगी स्वेच्छेची आहे. उत्तर खरे होते, परंतु गृहस्थांचे समाधान झाले नाही. खाली बसता बसता ते म्हणाले, "पगार द्यायचा आणि खडू द्यायचा नाही, हा कुठला न्याय?"

खरे सांगायचे तर समाधान आमचेही झाले नव्हते. पंचवीस वर्षे या ना त्या शाळेच्या व्यवस्थापनात घालवूनही, हा नियम कोणी आणि केव्हा केला हे आम्ही कधी शोधले नव्हते. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकवले, ख्रिस्तसभेचा इतिहास शिकवला. अनुदानाचा इतिहास कोणी शिकवला नाही, आणि पुढे अर्धे आयुष्य त्यातच गेले. म्हणून पावसाळ्यातील काही रात्री आम्ही जुने अहवाल आणि न्यायनिवाडे घेऊन बसलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

राज्यकर्त्यांनी शाळेला आश्रय द्यावा, ही कल्पना आपल्या किनारपट्टीला फार जुनी. पोर्तुगीज अमदानीत धर्मसंघांच्या विद्यालयांच्या योगक्षेमासाठी जमिनींचे आणि गावांचे उत्पन्न लावून दिलेले असे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तो आश्रय संपला. पुढे इंग्रजांच्या काळात, १८१३ च्या सनदी कायद्याने कंपनी सरकारने शिक्षणासाठी वर्षाला किमान एक लाख रुपये बाजूला काढावेत असे ठरले. एवढ्या अफाट मुलखाला एक लाख! मुंबईत १८१५ च्या सुमारास अमेरिकन मराठी मिशनने शाळा काढली, मागाहून इतर मिशने आली, देशी सद्गृहस्थांच्या मंडळ्या आल्या. परंतु सरकारने खाजगी शाळेला नियमाने पैसा द्यावा अशी पद्धत अजून नव्हती.

ती आली १९ जुलै १८५४ रोजी. त्या दिवशी कंपनीच्या संचालकांनी हिंदुस्थान सरकारकडे एक लांबलचक खलिता धाडला. बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष सर चार्ल्स वुड यांच्या नावाने तो आजही ओळखला जातो. मुंबई विद्यापीठाचे मूळ त्यात आहे, शिक्षण खात्याचेही त्यातच आहे. आम्हांला मात्र त्यातील अनुदानाची कलमे वाचायची होती. सरकारने सर्व शाळा स्वतः काढून चालवणे अशक्य आहे, तेव्हा लोकांनी काढलेल्या शाळांना साहाय्य करावे, असे वुडसाहेबांचे म्हणणे. अटी साध्या होत्या. शाळेने चांगले लौकिक शिक्षण द्यावे. तिच्यामागे जबाबदार स्थानिक व्यवस्थापन असावे. सरकारी निरीक्षकाची तपासणी तिने मान्य करावी. आणि मुलांकडून अल्प का होईना, फी घ्यावी. धर्मशिक्षणात निरीक्षकाने मुळीच लक्ष घालू नये, असेही स्पष्ट लिहिले आहे. फीची अट पाहून आजचा वाचक चकित होईल. फुकट मिळालेल्या शिक्षणाची लोकांना किंमत राहत नाही, असे त्यामागचे कारण देण्यात आले होते.

आणि याच खलित्यात आमच्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. अनुदान कशासाठी द्यावे? तर ठरावीक कामांसाठी. मुख्याध्यापकाच्या पगारात भर आणि हाताखालच्या शिक्षकांची तरतूद, ही सर्वांत महत्त्वाची. त्यानंतर शिष्यवृत्त्या. काही ठिकाणी इमारतीचे बांधकाम वा दुरुस्ती, पुस्तकांचा पुरवठा. परंतु शाळेच्या सर्वसाधारण खर्चाला सरसकट हातभार म्हणून अनुदान देऊ नये. याला अपवाद फक्त शिक्षक तयार करणाऱ्या शाळांचा. म्हणजे खडू वगळला गेला तो आमच्या पणजोबांच्याही आधी.

यात कोणाचा दुष्टावा होता असे आम्हांला वाटत नाही. योजना दोन पायांवर उभी होती. पगाराचा मोठा बोजा अनुदानाने हलका करायचा आणि रोजचा खर्च फीमधून भागवायचा. दोन्ही पाय शाबूत असेपर्यंत शाळा लंगडत का होईना, चालणार होती. दुसऱ्या पायाचे पुढे काय झाले, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

खलिता निघाला त्याच सुमारास येशूसंघीय धर्मगुरू मुंबईत येऊ लागले होते. माझगावचे सेंट मेरीज १८६४ मध्ये, पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स १८६७ मध्ये, मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये, अशी त्यांची विद्यालये उभी राहिली. याच काळात मुंबई इलाख्यात अनुदानाची एक विलक्षण पद्धत रूढ झाली. इंग्लंडात १८६२ च्या सुधारित संहितेने ती सुरू केली होती. तिचे नाव 'निकालावर वेतन'. निरीक्षक शाळेत येई, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन, गणित अशी वेगवेगळी परीक्षा घेई आणि जितकी मुले ज्या विषयात उत्तीर्ण, तितके रुपये शाळेच्या नावावर मांडले जात. मूल त्या दिवशी तापाने फणफणले असेल तर शाळेचे तेवढे पैसे बुडाले. वरकरणी पद्धत न्यायाची वाटते. काम पाहून दाम. पण ज्या घरात पूर्वी कोणी पाटी धरली नाही तेथील मुले रडतखडतच उत्तीर्ण होणार. म्हणजे जिथे शिकवणे सर्वांत कठीण, तिथे पैसा सर्वांत थोडा! गरिबांच्या शाळांना ही पद्धत मारक होती हे उघड आहे. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, ती मागे पडली. पण तिचे भूत अधूनमधून आजही शिक्षणविषयक चर्चेत डोकावते, असे आम्हांला निकालांच्या टक्केवारीच्या जाहिराती पाहून वाटते. असो.

१८८२ मध्ये सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. खाजगी प्रयत्नांना उत्तेजन मिळते की नाही, हे त्याने पाहायचे होते. मुंबई इलाख्यात चित्र वेगळेच होते. येथे १८६३ पासून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसवली होती आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जात होता. त्या पैशातून सरकारी खात्याने स्वतःच्या प्राथमिक शाळा काढल्या. खाजगी प्राथमिक शाळांना अनुदान मिळे ते मोजक्याच ठिकाणी. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी या आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि त्याच्या स्वतःच्या मुलाला गावात शाळा नाही, हे त्यांनी रोखठोक सांगितले आणि बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. अनुदानाच्या हिशेबात पैसा मूळचा कोणाचा, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे आमच्या वाचनात त्यापूर्वी आला नाही.

हंटर आयोगाने खाजगी प्रयत्नांची बाजू उचलून धरली. मात्र खाजगी म्हणजे मुख्यतः या देशातील लोकांचे प्रयत्न, मिशनांचे नव्हेत, असाही खुलासा केला. आमच्यापैकी काहींना हे वाचून वाईट वाटेल. आम्हांला वाटले नाही. पुण्यात १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली होती. पुढे १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था काढली. तेथे गरीब मुलांच्या वसतिगृहासाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा होई, आणि एकदा तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. खडूचा खर्च कोणी केला, याचे उत्तर तेथे असे मिळते. या संस्थेचे अनुदान १९४८ मध्ये मुंबई सरकारने थांबवले होते. भाऊरावांची परखड भाषा सत्ताधाऱ्यांना रुचली नव्हती. ते पुढे पूर्ववत झाले. म्हणजे अनुदानाच्या दोरीला हिसका बसतो तो केवळ मिशनच्या शाळांनाच, असा समज कोणी करून घेऊ नये.

स्वातंत्र्य आले आणि राज्यघटनेने या विषयाला नवा पाया दिला. तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. त्याच्याच दुसऱ्या खंडात, अनुदान देताना केवळ संस्था अल्पसंख्याकांची आहे म्हणून शासनाने भेदभाव करू नये, असे म्हटले. अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून कोणाही मुलास धर्मशिक्षणाला बसवता येणार नाही, असा दंडक घातला. तो आम्हांला योग्यच वाटतो. मात्र अनुदान मिळण्याचा हक्क घटनेने कोणालाच दिलेला नाही. दिले तर समान द्या, एवढेच तिचे सांगणे.

या वाक्याची कसोटी लवकरच लागली, आणि ती फीच्याच प्रश्नावर. केरळात १९५७ मध्ये शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी यांनी शिक्षण विधेयक आणले. शिक्षकांचा पगार सरकारने थेट द्यावा ही त्यातील तरतूद शिक्षकांच्या हिताची होती. व्यवस्थापनांकडून त्यांची पिळवणूक होत असे, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण त्याच विधेयकाच्या विसाव्या कलमाने प्राथमिक वर्गांत फी घेण्यास मनाई केली होती. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले. २२ मे १९५८ रोजी न्यायालयाने सांगितले की, फी बंद करून तिची भरपाई द्यायची नाही, असे झाले तर मान्यताप्राप्त अल्पसंख्याक शाळांना चालणेच अशक्य होईल. तेवढ्यापुरते ते कलम घटनेशी विसंगत आहे. केरळातील पुढचे रण, १९५९ चे आंदोलन आणि ३१ जुलै १९५९ रोजी झालेली सरकारची बरखास्ती, हे सर्वश्रुत आहे. त्या गदारोळात विसाव्या कलमाची गोष्ट विसरली गेली. आमच्या मते सर्वांत महत्त्वाची तीच होती. वुडसाहेबांचा दुसरा पाय कापायचा असेल तर लाकडाचा का होईना, दुसरा पाय बसवून द्या, असे न्यायालय सुचवीत होते.

दुसरा निवाडा आपल्या घराजवळचा. तेव्हाच्या मुंबई राज्याने १९५५ मध्ये असा हुकूम काढला की, खाजगी अध्यापक विद्यालयांनी ऐंशी टक्के जागा सरकारने पाठवलेल्या शिक्षकांसाठी राखून ठेवाव्यात. न ठेवल्यास अनुदान आणि मान्यता काढून घेण्यात येईल. गुजरातेत बोरसद येथे प्रेस्बिटेरियन मंडळींचे असे एक विद्यालय होते. त्यांच्या वतीने रेव्हरंड सिद्धजभाई आणि त्यांचे सहकारी सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी निकाल लागला. अनुदानासोबत अटी येणारच, परंतु त्या संस्थेच्या भल्यासाठी असाव्यात. संस्थेचे स्वत्वच हिरावून घेणाऱ्या असू नयेत, असे न्यायालयाने ठरवले. आज कोणत्याही शाळेचा विश्वस्त शासनाशी पत्रव्यवहार करताना या निकालाचा आधार घेतो. तो मिळवून देणारे आमच्या पंथाचे नव्हते, याची नोंद कृतज्ञतेने करतो.

योगायोग असा की, दिल्लीत हा खटला निकालाच्या उंबरठ्यावर असताना, त्याच वर्षी जुलै महिन्यात, ऑस्ट्रेलियातील एका गावात खडूच्या खर्चाचा हाच प्रश्न रस्त्यावर आला होता. न्यू साउथ वेल्स राज्यातील गोलबर्न हे ते गाव. त्या राज्याने १८८० च्या कायद्याने धार्मिक शाळांचे साहाय्य काढून घेतले होते. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षे कॅथलिक पालक सरकारी शाळांसाठी कर भरत होते आणि वर आपल्या शाळाही चालवीत होते. चालवीत होते म्हणण्यापेक्षा धर्मभगिनी बिनपगारी राबत होत्या म्हणून त्या चालत होत्या. गोलबर्नच्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेत आणखी तीन शौचालये बांधा, असा सरकारी आदेश आला. आदेश रास्त होता. पैसा नव्हता. तेव्हा पालकांनी सभा घेतली आणि गावातील सगळ्या कॅथलिक शाळा बंद करून मुलांना सरकारी शाळांत घालायचे ठरवले. १६ जुलै १९६२ च्या सोमवारी सुमारे दोन हजार मुले सरकारी शाळांच्या दारात उभी राहिली. जागा होती साडेसहाशेच्या आसपास. आठवडाभरात पालकांनी मुले परत नेली, पण जे दाखवायचे होते ते दाखवून झाले होते : या शाळा बंद पडल्या तर सरकारला किती खर्च येईल! पुढल्याच वर्षी, १९६३ च्या निवडणुकीत, पंतप्रधान मेंझीस यांनी सर्व शाळांच्या विज्ञान प्रयोगशाळांसाठी पैसा देण्याचे वचन दिले आणि ऑस्ट्रेलियात सरकारी साहाय्याचे दार पुन्हा उघडले. साहाय्य सुरू झाले ते पगारापासून नव्हे, इमारतीपासून आणि उपकरणांपासून. आपल्याकडच्या नेमके उलट. इतका मोठा बदल तीन शौचालयांवरून घडावा, याचे आम्हांला मोठे नवल वाटते.

आता महाराष्ट्र. आमच्या राज्याने एक गोष्ट उत्तम केली, आणि ती मान्य करण्यात कसूर करू नये. मान्यताप्राप्त अनुदानित शाळेतील शिक्षकाचा पगार पूर्णपणे सरकारने उचलला. १९७७ च्या खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या कायद्याने आणि १९८१ च्या नियमावलीने त्याच्या नोकरीला संरक्षण दिले. व्यवस्थापनाची लहर आता त्याच्या चुलीपर्यंत पोहोचू शकत नव्हती. दुसरीकडे आर्थिकदृष्ट्या मागासांना फीची सवलत, मुलींना फीमाफी, अशा पायऱ्यांनी अनुदानित शाळांतील फी जवळजवळ नाहीशी झाली. हेही चांगलेच झाले. आमच्या धर्मग्रामातील मच्छीमारांची आणि वाडीवाल्यांची मुले त्याशिवाय दहावीपर्यंत पोहोचली नसती. १९८७ च्या कायद्याने प्रवेशासाठी सक्तीची देणगी घेण्यास बंदी केली. तीही आवश्यक होती.

परंतु दुसरा पाय अशा रीतीने गेला. त्याच्या जागी जी लाकडी कुबडी मिळाली तिचे नाव 'वेतनेतर अनुदान'. वेतनावरील खर्चाच्या काही टक्के रक्कम वीज, पाणी, खडू, प्रयोगशाळेचे साहित्य, डागडुजी यांसाठी शाळेला द्यायची, अशी ही योजना. २००४ पासून ते थांबले. सुमारे नऊ वर्षे राज्यातील हजारो अनुदानित शाळांना या नावाखाली काही मिळाले नाही. २०१३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले ते पाच टक्के दराने, पूर्वीच्या दराहून कमी. दरम्यान, २००१ मध्ये नव्या शाळांसाठी 'कायम विनाअनुदानित' हे धोरण आले होते. त्यातील 'कायम' हा शब्द २००९ मध्ये वगळण्यात आला आणि अशा शाळांना वीस टक्क्यांचा पहिला टप्पा मिळू लागला तो २०१६ पासून. या शाळांत कित्येक शिक्षकांनी ऐन उमेदीची वर्षे नाममात्र मानधनावर काढली. जुन्या अनुदानित शाळांची तक्रार त्यांच्यापुढे मांडायला आम्हांला संकोच वाटतो.

वीजबिलाचे उदाहरण सांगतो. मधल्या काही वर्षांत शाळांना वीज आकारली जाई ती व्यापारी दराने, दुकानांच्या रांगेत बसवून. २०१२ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने शाळा, रुग्णालये यांसाठी 'सार्वजनिक सेवा' असा वेगळा वर्ग केला, तेव्हा थोडा दिलासा मिळाला. नवे अनुदान न मागताही शाळेचा भार कसा हलका करता येतो, याचा तो चांगला नमुना होता. आठ वर्षांनी मात्र पारडे उलट फिरले. डिसेंबर २०२० च्या निर्णयाने अनुदानित शाळांतील शिपायाचे पद रिक्त झाले की ते रद्द होऊ लागले आणि त्याऐवजी ठिकाणानुसार दरमहा पाच ते दहा हजार रुपयांचा ठोक भत्ता ठरला. घंटा देणारा, वर्ग झाडणारा, पाण्याची टाकी धुणारा माणूस तेवढ्यात दिवसभर कोण मिळतो, हे वाचकांनीच सांगावे.

मग इतकी वर्षे भागले कसे? येथे आम्हांला एक जुनी आठवण सांगितली पाहिजे. आम्ही नवदीक्षित साहाय्यक धर्मगुरू असताना एका धर्मग्रामात होतो. तेथील मुख्याध्यापिका धर्मभगिनी होत्या. दरमहा पगारपत्रकावर त्या सही करीत, पगार मठाच्या खात्यात जाई आणि मठ त्यांना बसभाड्यापुरते पैसे देई. एका पावसाळ्यात सहावीच्या वर्गावरची कौले वाऱ्याने उडाली. आठवड्याच्या आत नवी कौले चढली. पैसा कोठून आला, असे आम्ही भाबडेपणाने विचारले. सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, "फादर, आम्ही चौघी शिकवतो ना!" त्या दिवशी आम्हांला अनुदानाचे खरे गणित उमगले. सरकारने दिलेला पगार दारिद्र्यव्रताच्या वाटेने पुन्हा शाळेच्या छपरावर येत होता. फीचा पाय गेला तरी शाळा उभी राहिली ती या अलिखित अनुदानावर. पालकांना ते कधी दिसले नाही, कारण ते जमाखर्चात कुठेच लिहिलेले नव्हते.

या व्यवस्थेला कराच्या बाबतीतही एक जुनी सवलत होती. व्रतस्थ व्यक्ती आपले उत्पन्न संघाच्या स्वाधीन करते, म्हणून ते तिचे मानू नये, असे परिपत्रक १९४४ मध्ये निघाले होते. त्याच्या आधारे अनुदानित शाळांतील धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्या पगारातून आयकर कापला जात नसे. २०१४ नंतर खात्याने तो कापण्याचा आग्रह धरला. तामिळनाडू आणि केरळातील धर्मसंघ न्यायालयात गेले. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नव्वदहून अधिक अपिले फेटाळली. पगार शिक्षक म्हणून त्या व्यक्तीला मिळतो. पुढे ती तो कोणाला देते हा तिचा प्रश्न, कर कापलाच पाहिजे, असा निर्णय झाला. काही धर्मबंधूंना तो अन्यायाचा वाटला. आम्हांला तसे म्हणवत नाही. त्याच शिक्षककक्षात शेजारच्या खुर्चीवर बसणारा, चार माणसांचे कुटुंब पोसणारा शिक्षक कर भरतो. मग सिस्टरांनी का भरू नये, या प्रश्नाला आमच्याकडे समाधानकारक उत्तर नाही. एवढे मात्र खरे की, त्या दिवशी शेकडो शाळांच्या छपराचा पैसा थोडा कमी झाला, आणि तो कोणत्याही सरकारी आकडेवारीत दिसणार नाही.

आपलेही काही चुकले आहे. अनुदानित मराठी शाळेच्या अंगणातच आपण विनाअनुदानित इंग्रजी शाळा उभ्या केल्या. पालकांनी मागणी केली, आपण ती पुरवली. मराठी वर्गांची पटसंख्या घटली. संचमान्यतेत शिक्षकांची पदे पटावर ठरतात. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि वेतनावर टक्केवारीने मिळणारे वेतनेतर अनुदानही आपोआप आटते. इमारत मात्र तेवढीच राहते आणि छप्परही तेवढेच गळते. काही ठिकाणी इंग्रजी शाळेच्या फीतून मराठी शाळेचे वीजबिल भरले जाते. थोरली बहीण धाकटीच्या कमाईवर जगते आहे, असे आम्ही एकदा विनोदाने म्हटलो आणि नंतर स्वतःलाच बरे वाटले नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले की, अनुदान हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही. संस्थेस अटी मान्य नसतील तर तिने अनुदान नाकारावे. नियम सर्वांना सारखा आहे, अल्पसंख्याकांनाही आणि इतरांनाही. कायद्याच्या दृष्टीने हे १८५४ पासून बदललेले नाही. नाकारण्याचे स्वातंत्र्य मात्र ज्याच्याजवळ दुसरी मिळकत आहे त्यालाच असते. गरीब धर्मग्रामाच्या मराठी शाळेने अनुदान नाकारणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

त्या गृहस्थांना आम्ही पुन्हा भेटणार आहोत. पुढच्या पालकसभेत शाळेचा जमाखर्च मोठ्या कागदावर लिहून फळ्यावर लावायचा, असे व्यवस्थापन समितीत ठरले आहे. वीज, पाणी, शिपाई, डागडुजी, खडू आणि कागद हे एका बाजूला. वेतनेतर अनुदान, धर्मग्रामाचा निधी, पालकांची देणगी हे दुसऱ्या बाजूला. आमच्या सूचनेवरून दुसऱ्या बाजूला आणखी एक रकाना वाढवला आहे : 'मठाकडून'. तो आजवर कधीच लिहिला गेला नव्हता. मागील वर्षांच्या रकमा मठाच्या वहीतून उतरवून घेताना असे दिसले की, कित्येक वर्षे तीच सर्वांत मोठी रक्कम होती. येत्या मे महिन्यात आमच्या शाळेतील शेवटच्या सिस्टर सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्या संघाकडे पाठवायला आता दुसरी शिक्षिका नाही. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात तो रकाना आम्ही कोरा ठेवला आहे.